‘पिओनी’ लावली, पण फूल नाही: इंदूरच्या वाफ्यात काय आणि कोणत्या क्रमानं तपासायचं

दिवाळी आटोपली, सकाळच्या हवेत जरा गारवा आला की माझ्याकडे फोटो यायला लागतात. फोटोत वाफा, त्यात एक हिरवं झुडूप, आणि खाली एकच ओळ: ‘पिओनी आणली होती, फूल का येत नाही?’ पिओनी म्हणजे थंड प्रदेशातलं, भरगच्च पाकळ्यांच्या गुबगुबीत फुलाचं झाड. अकरा वर्षं मी स्वतःचे आणि ओळखीच्या लोकांचे वाफे बघते आहे, सुदामा नगरातल्या चिंचोळ्या अंगणांपासून राऊकडच्या नव्या बंगल्यांपर्यंत. तक्रार एकच असते, कारणं मात्र सात-आठ निघतात. ती ज्या क्रमानं मी तपासते त्याच क्रमानं इथं लिहिते आहे. आधी फुकटातल्या गोष्टी, मग थोड्या कष्टाच्या, शेवटी वाफा खोदायला लावणाऱ्या. बरेच वाफे पहिल्या तीन पायऱ्यांतच सुटतात, म्हणून कुदळीला लगेच हात घालू नका.

लक्षणं

तुमच्याकडे यातलं काय दिसतं ते आधी ओळखा. एकापेक्षा जास्त लक्षणं असली तरी चालेल.

- कंद लावून दीड महिना झाला, कोंबाचा पत्ता नाही.
- कोंब आला, वीतभर वाढून थांबला, पानांच्या कडा करपल्या.
- झाड कमरेएवढं, हिरवंगार, पण कळीच धरत नाही.
- कळ्या वाटाण्याएवढ्या होतात, तपकिरी पडतात आणि सुकतात.
- झाड दुपारी मान टाकतं. संध्याकाळी सावरतं, किंवा सावरतच नाही.
- नवी पानं पिवळी, पण त्यांच्या शिरा हिरव्या.
- पहिल्या वर्षी एखादं फूल आलं, पुढं दोन वर्षं काही नाही.
- फूल आलं, पण पाकिटावरच्या चित्राशी त्याचा काही संबंध नाही.

हे सांगून झालं की जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, ‘मग खत कोणतं घालू?’ खताचा नंबर माझ्या यादीत पाचवा आहे. तोवर हात आवरा, कारण चुकीच्या वेळी घातलेलं खत बाकीची लक्षणं झाकून टाकतं आणि मग खरं कारण शोधणं अवघड होतं.

१. मुळात हे झाड आहे तरी कोणतं?

खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं. सगळ्यात जास्त उलगडा इथंच होतो, म्हणून यावर जरा थांबते.

‘पिओनी’ या नावाखाली मला इंदुरात आजवर चार वेगवेगळ्या गोष्टी दिसल्या: खरी पिओनी, डेलिया, दुहेरी फुलाचा होलीहॉक (आपल्याकडे गुलखैरा म्हणतात तो), आणि भरगच्च पाकळ्यांची अफू. चारही फुलं चित्रात सारखीच गुबगुबीत दिसतात. वाफ्यात मात्र प्रत्येकाची खोली, अंतर आणि हंगाम वेगळा. डेलियासाठीचा सल्ला पिओनीला लावला तर पिओनी कधीच फुलणार नाही.

कंद अजून हातात असेल तर तो बघा. डेलियाचा कंद म्हणजे रताळ्यांचा घोस. सगळी रताळी वर एका मानेला जोडलेली असतात आणि डोळे असतात ते त्या मानेवर, जुन्या देठाच्या बुंध्याशी. रताळ्याच्या अंगावर डोळा कधीच नसतो. म्हणून मानेपासून तुटलेलं एकटं रताळं कितीही टपोरं असलं तरी त्याला कोंब येणार नाही. ‘दीड महिना झाला, कोंब नाही’ या तक्रारीत हलक्या हातानं उकरून बघते तेव्हा बहुधा असा आंधळा तुकडाच हाती येतो. पिओनीचं मूळ वेगळं असतं: जाड, वेडंवाकडं, तपकिरी, गाजरासारखं लांब, आणि वरच्या टोकाला लालसर-गुलाबी टोकदार डोळे. अशा तुकड्याला तीन ते पाच डोळे हवेत. एका डोळ्याचा तुकडा जगतो, पण फुलायला फार वेळ घेतो.

झाड वाढलेलं असेल तर पानं बघा. डेलियाची पानं देठावर समोरासमोर जोडीनं येतात, त्यांच्या कडा दातेरी असतात, आणि जून देठ कापला तर आतून पोकळ निघतो. पिओनीची पानं एकाआड एक येतात आणि एकेक पान तीन-तीनच्या गटांत विभागलेलं असतं. कळीतही फरक आहे. पिओनीची कळी गोटीसारखी गोल आणि घट्ट, डेलियाची चपटी, कोटाच्या बटणासारखी.

बी आणलं असेल तर तळहातावर ओतून पाहा. खऱ्या पिओनीचं बी काळं, चकचकीत, वाटाण्याएवढं असतं. ते रुजायलाच एक-दोन वर्षं घेतं आणि फूल द्यायला त्यावर आणखी तीन-चार. चपटं, चकतीसारखं बी असेल तर तो होलीहॉक. पाकिटातून खसखशीसारखे बारीक दाणे निघाले तर ती पिओनी नाही, ‘पिओनीसारख्या फुलाची पॉपी’ म्हणून विकली जाणारी अफूच आहे. ते पेरू नका. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानुसार परवान्याशिवाय अफू लावणं गुन्हा आहे, मग ती फुलांसाठी का असेना. आपल्या शेजारच्या मंदसौर, नीमच, रतलाममध्ये जी शेती होते ती केंद्रीय नार्कोटिक्स ब्यूरोच्या परवान्यावर, मोजून दिलेल्या क्षेत्रात होते, आणि या ब्यूरोचं मुख्यालय आपल्याच राज्यात, ग्वाल्हेरला आहे. ऑनलाइन बी विकणारा हे सांगत नाही. तीन घरांत मी असली पाकिटं बघितली, तिन्ही घरच्यांना याची कल्पना नव्हती.

निळ्या किंवा सप्तरंगी ‘पिओनी’चं बी कुणी विकत असेल तर त्यावर पैसे घालवू नका. निळी पिओनी अस्तित्वातच नाही, फोटो रंगवलेले असतात.

आता, डेलिया निघाला तर मन खट्टू करून घेऊ नका. डेलिया मूळचा मेक्सिकोच्या डोंगराळ भागातला, तिथलं ते १९६३ पासूनचं राष्ट्रीय फूल. माळव्याची थंडी त्याला मानवते. दिवसा ऊबदार ऊन, रात्री गारवा, कडाक्याची थंडी नाही. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये लावलेला डेलिया नीट सांभाळला तर इथं मार्चपर्यंत ताटलीएवढी फुलं देतो. पुढच्या बहुतेक तपासण्या डेलियाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्या आहेत, कारण इंदुरातल्या ‘पिओनीं’मध्ये तोच जास्त असतो. खरी पिओनी असेल तर काय करायचं तेही त्या-त्या ठिकाणी सांगितलं आहे.

२. बोट मातीत घाला

पाणी घालण्याआधी मधलं बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला. ओलं लागलं तर पाणी नको.

आमच्या गल्लीतल्या एक काकू रोज सकाळी न चुकता प्रत्येक झाडाला दोन तांबे पाणी घालायच्या. झाड दुपारी मान टाकायचं, म्हणून संध्याकाळी आणखी दोन. मी म्हटलं, ‘काकू, वरची माती बघू नका, आत बोट घाला.’ वर भेगा, कोरडं, आणि दोन इंचांवर चिखल. काळ्या मातीचा हा स्वभाव आहे. ती पाणी धरते, फुगते, हवेच्या जागा बंद करते. मुळांना हवा मिळाली नाही की ती पाणी ओढू शकत नाहीत, आणि झाड पाण्यात उभं राहून तहानेनं कोमेजतं. आपण ते बघून आणखी पाणी घालतो.

दुपारी कोमेजून संध्याकाळी सावरणं हे ऊन जास्त लागल्याचं लक्षण असू शकतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. सकाळी आठ वाजता, माती ओली असताना झाड मान टाकून उभं असेल तर मात्र मुळांत बिघाड आहे. पाणी पूर्ण थांबवा, चार-पाच दिवस द्या, बुंध्याभोवतीची माती हलक्या हातानं मोकळी करा. काकूंचं झाड पाण्यात अंतर ठेवल्यावर आठवड्यात सावरलं. वाफ्यात दुसरं काहीच बदललं नव्हतं.

उलटी चूकही होते. कळी धरल्यावर पाण्याचा ताण पडला तर कळ्या वाटाण्याएवढ्या असतानाच सुकतात. त्या काळात माती कोरडी ठक्क होऊ देऊ नका. आठवड्यातून दोनदा खोल पाणी द्या. रोज वरवर शिंपडण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

३. कंद किती खोल आहे?

बोटांनी माती बाजूला करून बघा, हत्यार नको.

डेलियाचा कंद चार ते सहा इंच खाली, डोळा वर करून लावायचा असतो. पिओनीचं याच्या उलट आहे. तिचे डोळे मातीखाली जेमतेम एक-दोन इंच हवेत, आणि आपल्यासारख्या ऊबदार हवेत एक इंचच पुरे. पिओनी खोल गेली की पानं येतात, फूल येत नाही. थंड प्रदेशातले बागकाम करणारेही पिओनी फुलली नाही की सगळ्यात आधी हेच तपासतात. दरवर्षी वर खत आणि माती घालत गेलं तरी डोळे हळूहळू खोल जातात, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

खरी पिओनी खोल गेली असेल तर झाड न हलवता वरची माती काढून टाका. ती उपटून पुन्हा लावू नका. जागा बदलली की ती दोन-तीन वर्षं रुसते. दरवर्षी ‘इथं नाही फुलली, तिथं लावू’ करणाऱ्यांची पिओनी त्यामुळंच कधी फुलत नाही.

४. डिसेंबरमधली सावली

वाफा जूनमध्ये आखला असेल तर हे तपासणं गरजेचंच आहे. कर्कवृत्त उज्जैनच्या किंचित उत्तरेकडून जातं, म्हणजे इंदुरात जूनच्या दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि भिंतीची सावलीच पडत नाही. तेव्हा वाटतं, केवढं ऊन आहे इथं! २२ डिसेंबरच्या दुपारी तोच सूर्य साधारण ४४ अंशांवर असतो, आणि भिंतीच्या उत्तरेला तिच्या उंचीपेक्षा किंचित जास्त लांबीची सावली पडते. दहा फुटांची भिंत असेल तर तिच्या उत्तरेकडचे दहा फूट ऐन फुलांच्या हंगामात भरदुपारीही सावलीत.

डेलियाला आणि पिओनीला किमान पाच-सहा तास थेट ऊन हवं. सुट्टीच्या दिवशी सकाळी नऊ, बारा आणि तीन वाजता वाफ्याचा एकेक फोटो काढा. तीनपैकी दोन फोटोंत सावली असेल तर खतानं काही होणार नाही. या वर्षीचं रोप कुंडीत (आपण गमला म्हणतो तो चांगला बारा इंची घ्या) काढून उन्हात ठेवा आणि पुढच्या वर्षी वाफ्याची जागा बदला.

५. आता खत, आणि काय घालू नये ते

झाड कमरेएवढं, पानं गडद हिरवी, कळी नाही: नत्र जास्त झालं. युरिया, ताजं शेण, किंवा दर आठवड्याला मोहरीच्या पेंडीचं पाणी, यांतलं काहीतरी चालू असतं. तीन-चार आठवडे सगळं बंद करा. ऊन पुरेसं असेल तर कळ्या धरतील. पेंडीचं पाणी वाईट नाही. तीन-चार दिवस भिजवून, दहापट पाण्यात पातळ करून पंधरा दिवसांतून एकदा द्या, आणि कळी दिसली की थांबवा.

दोन सल्ले आपल्याकडे सर्रास दिले जातात आणि माळव्याच्या काळ्या मातीत ते चालत नाहीत. पहिला, फुलांसाठी राख घाला. आपली माती बहुधा आधीच अल्कधर्मी असते, राखेनं ती आणखी तशी होते, आणि पोटॅश तर काळ्या मातीत सहसा भरपूर असतंच. दुसरा, बोनमील, म्हणजे हाडांचा चुरा, घाला. बोनमीलमधला स्फुरद (फॉस्फरस) आम्लधर्मी मातीत सुटतो. आपल्याकडे तो बराचसा तसाच पडून राहतो आणि वास काढत कुत्री वाफा उकरतात.

नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर ती लोहाची कमतरता. मातीत लोह नसतं असं नाही, अल्कधर्मी मातीत ते झाडाला घेता येत नाही, आणि माती सतत ओली असेल तर आणखीच नाही. बोअरचं जड पाणी वापरत असाल तर हे जास्त दिसतं. आधी पाणी कमी करा, मग चिलेटेड आयर्न (झाडाला घेता येईल अशा रूपातलं लोह) पाकिटावरच्या प्रमाणात पानांवर फवारा. नवी पालवी हिरवी आली तर निदान बरोबर होतं. जुनी पिवळी पानं पुन्हा हिरवी होत नाहीत, त्यांची वाट बघू नका.

६. अंतर, आणि पानांची उलटी बाजू

नर्सरीतलं रोप करंगळीएवढं असतं, म्हणून नवा माणूस वीत-वीत अंतरानं लावून मोकळा होतो. जानेवारीत तेच झाड तीन फूट पसरतं. मोठ्या फुलाच्या डेलियाला दोन ते अडीच फूट, मध्यम फुलाच्याला दीड ते दोन फूट, बुटक्याला एक फूट अंतर हवं. खऱ्या पिओनीला तीन फूट. झाडं एकमेकांत घुसली की आत हवा खेळत नाही, दव सुकत नाही, आणि पानांवर पीठ भुरभुरल्यासारखी भुरी येते. दाटी झालीच असेल तर एकाआड एक झाड काढून कुंडीत लावा. जड वाटतं, पण राहिलेली झाडं दुप्पट जोमानं येतात.

डेलियाला पानांच्या तीन-चार जोड्या आल्या की शेंडा खुडा, म्हणजे फांद्या फुटतील. मोठं फूल हवं असेल तर टोकाला येणाऱ्या तीन कळ्यांपैकी मधली ठेवून बाजूच्या दोन काढा. काठी रोप लावतानाच रोवा. नंतर रोवायला गेलात तर ती हमखास कंदातून जाते.

मग पानं उलटून बघा. चंदेरी ओरखडे आणि वाकड्या कळ्या: फुलकिडे. बारीक जाळी आणि धुरकट पानं: लाल कोळी, हा फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत वाढतो. कोवळ्या शेंड्यांवर हिरवे-काळे ठिपके आणि चिकटपणा: मावा. सुरुवातीला पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं पानं खालून धुणं पुरतं. नाही भागलं तर लिटरला पाच मिली कडुनिंबाचं तेल, साबणाचे दोन-तीन थेंब, आणि फवारणी संध्याकाळीच. उन्हात फवारलं की पानं भाजतात.

मुंग्यांबद्दल खूप विचारतात. पिओनीच्या कळीतून गोड रस पाझरतो, त्यासाठी मुंग्या येतात. त्या काही नुकसान करत नाहीत, आणि कळी उमलायला त्यांची गरजही नसते. डेलियावर मुंग्यांची रांग दिसली तर मात्र मावा शोधा, तो बहुधा असतोच.

७. खड्ड्याची चाचणी आणि उंच वाफा

इथपर्यंत सगळं ठीक असेल तर कुदळ घ्या.

वाफ्याशेजारी एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट खोल खड्डा करा आणि पाण्यानं भरा. पहिलं भरलेलं पाणी किती वेळात गेलं ते मोजू नका. काळ्या मातीला भेगा असतात, पहिलं पाणी त्यांतून भराभर पळतं आणि ‘आमच्याकडे निचरा उत्तम आहे’ असं वाटायला लागतं. मीही सुरुवातीला दोनदा अशीच फसले. ते पाणी जिरलं की पुन्हा भरा. या वेळेपर्यंत माती फुगून भेगा मिटलेल्या असतात. आता तासाभरात पाणी किती खाली गेलं ते पट्टीनं मोजा. एक-दोन इंच गेलं तर उत्तम. इंचभरही नाही गेलं तर कंद त्या जागी पावसाळ्यात कुजणार हे नक्की समजा.

यावर लोक रेती मिसळतात. थोडी रेती काळ्या मातीत गेली की वाळल्यावर ती विटेसारखी घट्ट होते. कुंडीच्या तळाशी खडीचा थर घातला तरी निचरा वाढत नाही. पाणी खडीच्या वर, मातीतच अडून राहतं आणि मुळांना मातीही कमी मिळते.

उपाय एकच टिकाऊ आहे: वाफा जमिनीच्या वर न्यायचा. विटा किंवा फरशीचे तुकडे लावून आठ-दहा इंच उंच कडा करा. खालची माती फावड्यानं फक्त सैल करा, आणि वर दोन भाग पिवळी माती, एक भाग चांगलं कुजलेलं कंपोस्ट भरा. तगारीनं मोजून घाला, अंदाजानं नको. ‘चांगलं कुजलेलं’ म्हणजे हातात घेतल्यावर ओल्या जमिनीचा वास येणारं, शेणाचा नव्हे. अर्धंकच्चं खत कंदाला लागलं तर त्याला बुरशी धरते.

कंपोस्टबद्दल इंदूरकरांनी खरं तर दुसरीकडे विचारायला जायची गरज नाही. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ या काळात इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत होते. तिथं त्यांनी यशवंत वाड यांच्याबरोबर बसवलेली पद्धत जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणूनच ओळखली जाते. पालापाचोळा आणि काडीकचरा, त्यावर शेण आणि गोठ्यातली गोमूत्र मुरलेली माती, असे थर. ओल पिळलेल्या फडक्याएवढी. ढीग दोन-तीनदा उलटायचा, म्हणजे साधारण तीन महिन्यांत खत तयार. माझ्या अंगणात गोठा नाही, मी गौशाळेतून शेण आणते आणि कडुनिंबाचा पाला, भाज्यांची देठं, सुकी पानं यांचे थर देते. जूनमध्ये लावलेला ढीग ऑक्टोबरच्या लावणीला हाताशी असतो. मात्र पावसात त्यावर ताडपत्री हवी, नाहीतर सगळा कस वाहून जातो.

उंच वाफा झाला की एक गोष्ट बदलते: तो लवकर सुकतो. म्हणजे दुसऱ्या पायरीतलं बोट पुन्हा रोज मातीत घालायचं.

८. खरी पिओनी आणि आपली थंडी

सातही गोष्टी तपासून झाल्या, झाड खरोखर पिओनी आहे, डोळे इंचभर खोल आहेत, ऊन आहे, निचरा आहे, तरी फूल नाही. मग कारण हवेत आहे, तुमच्या हातात नाही.

पिओनी ही हिवाळ्यात झोपणाऱ्या प्रदेशातली वनस्पती. बागेतल्या बहुतेक जाती चीन आणि सैबेरियाकडच्या जातीपासून आलेल्या. भारतात तिची एक रानटी बहीण आहे, पांढऱ्या एकेरी फुलाची, ती काश्मीरपासून उत्तराखंडापर्यंत हिमालयाच्या उतारांवर वाढते. या सगळ्यांना कित्येक आठवडे पाच अंशांच्या खालची थंडी सलग लागते. ती मिळाली नाही तर डोळ्यातली फुलाची कळी जागीच होत नाही. इंदुरात जानेवारीत रात्रीचं तापमान साधारण दहा अंशांच्या आसपास, आणि दुपारचं पंचवीस-सव्वीस. मधल्या चार-सहा कडक रात्रींनी पिओनीचं पोट भरत नाही.

‘पहिल्या वर्षी फूल आलं, नंतर नाही’ याचं कारणही हेच. ते मूळ शीतगृहातून आलेलं होतं, थंडीचा साठा घेऊनच. तो साठा एका हंगामात संपला.

मी दोन वेळा फ्रिजमध्ये मुळं ठेवून बघितली. पहिल्या वेळी पिशवीत ओल राहिली, मुळाला करडी बुरशी आली. दुसऱ्या वेळी कोरड्या नारळाच्या भुशात आठ आठवडे ठेवलं, जानेवारीत कुंडीत लावलं. पानं सुंदर आली, एक कळी वाटाण्याएवढी झाली आणि मार्चच्या उन्हात सुकली. थंडी दिली तरी पुढं गार वसंत हवा असतो, आणि आपल्याकडे फेब्रुवारीनंतर सरळ उन्हाळाच येतो. म्हणून इथं मी स्पष्ट सांगते: थांबा. आणखी खत, आणखी औषध, आणखी एक कंद, काही घेऊ नका. डोंगरात कुणी जिवाभावाचं राहत असेल तर मूळ त्यांना द्या, आणि त्या जागी डेलिया लावा.

डेलिया फुलून गेला की एप्रिलमध्ये पाणी कमी करत न्या. झाड सुकलं की कंद मानेसकट काढून कोरड्या रेतीत, सावलीत ठेवा. पावसाळ्यात छपराखालीच. ऑगस्टमध्ये कुंडीत लावून फुटवे घ्या, त्यांचे छाटे सप्टेंबरात मुळं धरतात.

कधी थांबून जाणकाराला बोलवायचं

ओल्या मातीत, दोन-तीन दिवसांत अख्खं झाड मान टाकून गेलं आणि देठ कापल्यावर आत तपकिरी कडं दिसलं, तर तो ‘मर’ रोग आहे. घरच्या घरी औषधं ओतू नका, झाड मातीसकट काढा आणि त्या जागी त्या हंगामात डेलिया लावू नका. मुळांवर मण्यांसारख्या गाठी असतील तर सूत्रकृमी (डोळ्यांना न दिसणारे बारीक जंत), मानेवर फुलकोबीसारखी गाठ असेल तर जिवाणूंचा रोग. दोन्ही मातीतून पसरतात. पानांवर पिवळी वर्तुळं-नक्षी आणि झाड खुजं: विषाणू. त्यावर औषधच नाही, झाड नष्ट करा आणि कात्री साबणानं धुवा. या चारही गोष्टींत कस्तुरबाग्रामच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी महाविद्यालयात नमुना दाखवा. अफूसारखं रोप उगवलं आहे अशी शंका असेल तर तेही तिथंच विचारा आणि ते वाढू देऊ नका.

खड्ड्यातलं पाणी दुसऱ्या दिवशीही तसंच असेल, किंवा पाऊस नसताना वाफ्याचा एक कोपरा सतत ओला राहत असेल, तर माळ्याऐवजी प्लंबरला बोलवा. जमिनीखालचा हौद किंवा पाण्याची लाइन गळत असते. अशा वेळी भिंतीलगत स्वतः फूटभरापेक्षा खोल खोदू नका, घराच्या पायाला धक्का लागतो.

कृषी विज्ञान केंद्रात जाताना नुसतं पान नेऊ नका. मुळांसकट ताजं झाड वर्तमानपत्रात गुंडाळून सकाळीच न्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत ते घामेजतं आणि वेगळीच बुरशी धरतं. माती तपासायची असेल तर वाफ्यात पाच-सहा ठिकाणी सहा इंच खोल खाच करून कडेची माती घ्या, एकत्र मिसळा, सावलीत वाळवा, अर्धा किलो कापडी पिशवीत भरा. सोबत चिठ्ठीवर लिहा: पाणी नळाला येणारं नर्मदेचं की बोअरचं, गेल्या तीन महिन्यांत काय-काय घातलं, आणि झाड किती तास उन्हात असतं. सप्टेंबर लागताच हा नमुना दिलात तर ऑक्टोबरच्या लावणीआधी उत्तर हातात येतं.